एका सेनानीचा जमाखर्च

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आमच्या जुन्या वाड्याच्या जागी आता चारमजली इमारत उभी आहे. तरी मागच्या अंगाला थोडी माती शिल्लक राहिली आहे, आणि तेवढ्या मातीत इमारतीतली मुले दरवर्षी नेमाने किल्ला करतात. दगडविटांचा ढीग, त्यावर पोते, पोत्यावर चिखल, चिखलात पेरलेले अळीव, हा सगळा थाट अजून तसाच आहे. सिंहासनावर महाराज, तटावर मावळे, गुहेत वाघ, पायथ्याशी भाजीवाली. मी कौतुकाने पाहत उभा होतो, तो बुरुजाजवळ एक परका इसम दिसला. हिरव्या प्लॅस्टिकचा, डोक्यावर लोखंडी टोप, हातात बंदूक.

“हे पाहुणे कोण?” मी विचारले.

“काका, हा मरीन आहे,” शेजाऱ्यांचा दहा वर्षांचा चिरंजीव म्हणाला, आणि लगेच त्याने मला पेचात पकडले. “मरीनला मराठीत काय म्हणतात हो? आणि याला किल्ल्याच्या आत ठेवायचा की बाहेर?”

वीस वर्षे मराठी शिकवून पोट भरणारा मी, पण पहिल्याच प्रश्नाला निरुत्तर झालो. नौसैनिक म्हणावे, तर जहाज हाकणे हे त्याचे काम नव्हे. पायदळाचा शिपाई म्हणावे, तर तो वाढलेला आरमाराच्या पोटात. जहाजातून जायचे, परक्या किनाऱ्यावर उतरायचे आणि जमिनीवर लढायचे, हा त्याचा पेशा. कान्होजी आंग्र्यांच्या गुराबांवर आणि गलबतांवरही असे लढवय्ये असतच. अमेरिकेत मात्र त्यांची वेगळी फौज आहे आणि ती आपला जन्म १७७५ सालचा मानते. या फौजेचे नाव मरीन कोअर.

पहिल्या प्रश्नाची वाट अशी कशीबशी लावली. दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. तो डोक्यात ठेवून वाचीत गेलो, तेव्हा एका गृहस्थाची गाठ पडली. मेजर जनरल स्मेडली डार्लिंग्टन बटलर. आपल्याकडे बटलर म्हटले की साहेबाच्या बंगल्यावरचा खानसामा आठवतो, आणि त्याचे ते बटलरी इंग्रजी. या बटलरने तेहेतीस वर्षे चाकरी केली आणि शेवटी भर सभेत सांगितले की, आपण नेमके कोणाच्या बंगल्यावर राबत होतो ते आता आपल्याला कळले आहे! दिवाळीत आपण वहीपूजन करतो. या माणसाने पन्नाशीत आपल्या आयुष्याची वही उघडली आणि जगाला वाचून दाखवली. तिची ही कथा.

सोळा वर्षांचा लेफ्टनंट

स्मेडलीचा जन्म ३० जुलै १८८१ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या वेस्ट चेस्टर गावी झाला. घराणे क्वेकर पंथाचे. हा पंथ युद्धाला पाप मानतो. वडील वकील, पुढे त्यांनी एकतीस वर्षे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात काढली आणि तिथल्या नौदल समितीचे अध्यक्षपदही भूषविले. अशा सुखवस्तू, शांतताप्रिय घरातला हा मुलगा.

फेब्रुवारी १८९८ मध्ये हवानाच्या बंदरात ‘मेन’ नावाची अमेरिकन युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. अडीचशेहून अधिक माणसे दगावली. देशभर स्पेनविरुद्ध संतापाची लाट उसळली आणि तिच्यात शाळेतली मुलेही वाहून गेली. स्मेडलीने घरी हट्ट धरला. आईने पाहिले, पोरगे ऐकणार नाही, पळून जाईल. तेव्हा ती स्वतःच त्याला मरीन कोअरच्या कचेरीत घेऊन गेली. तिथे पठ्ठ्याने वय वाढवून सांगितले आणि सतरा पूर्ण होण्यापूर्वीच सेकंड लेफ्टनंट झाला. क्यूबात तो पोहोचला तोवर लढाई संपत आली होती. पण गणवेश अंगावर चढला तो चढलाच.

दोन वर्षांनी चीन. परकीयांविरुद्ध बॉक्सर लोकांनी उठाव केला होता आणि पेकिंगमधल्या परदेशी वकिलातींना वेढा पडला होता. तो उठवायला आठ राष्ट्रांच्या फौजा निघाल्या. १३ जुलै १९०० रोजी तिएन्त्सिनच्या लढाईत एका जखमी सहकाऱ्याला आणण्यासाठी बटलर खंदकाबाहेर पडला आणि मांडीत गोळी घेऊन परतला. एकोणिसावा वाढदिवस व्हायला अजून सतरा दिवस होते. या शौर्याबद्दल त्याला कॅप्टनचा मानद हुद्दा मिळाला.

त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने आपली माणसेही होती: राजपूत, शीख, पंजाबी पलटणी. सातव्या राजपूत पलटणीतल्या ठाकूर गदाधरसिंहांनी परत आल्यावर ‘चीन में तेरह मास’ हे हिंदी पुस्तक लिहिले. चिनी प्रजेची झालेली धूळधाण पाहून त्यांचे मन कळवळले होते, आणि पगार इंग्रजांचा असतानाही ते त्यांनी १९०२ साली छापून टाकले. वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

दोन पदके

यानंतरची तीस वर्षे म्हणजे भूगोलाचे पुस्तकच. फिलिपीन्स, होंडुरास, पनामा, निकाराग्वा, मेक्सिको, हैती, फ्रान्स, पुन्हा चीन. मध्य अमेरिकेत असताना तापाने फणफणलेल्या, लाल झालेल्या डोळ्यांनी तो शिपायांकडे रोखून पाही, तेव्हा त्यांनी त्याला गिरमिट-डोळ्या म्हणायला सुरुवात केली. गिरमिट हा शब्द आपल्या सुतारांनी इंग्रजीतूनच उचललेला, त्यामुळे भाषांतराची गरजच नाही. बटलर अंगाने किरकोळ, नाक मोठे, तोंड फटकळ. पण शिपायांचे त्याच्यावर प्रेम. ते जे खातील ते हा खाई आणि ते चालतील तेवढे हा चाले.

एप्रिल १९१४ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोचे व्हेराक्रूझ बंदर घेतले. त्या लढाईतल्या कामगिरीबद्दल बटलरला ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले. अमेरिकेत शौर्याचा याहून मोठा सन्मान नाही. परंतु त्या एका चकमकीपायी सरकारने पन्नासहून अधिक लोकांना हे पदक वाटले होते. बटलरला ते लाजिरवाणे वाटले. आपण या पदकाला पात्र ठरावे असे काही केलेले नाही, म्हणून त्याने ते परत पाठवले. वरून हुकूम आला की, पदक ठेवायचे आणि छातीवर लावायचेही. हुकूम तो हुकूम!

पुढच्या वर्षी हैती. जुलै १९१५ मध्ये तिथल्या अध्यक्षाला जमावाने ठार मारले आणि त्याच दिवशी अमेरिकन मरीन उतरले. डोंगराळ भागात काको नावाचे बंडखोर होते. त्यांचा शेवटचा आसरा म्हणजे फोर्ट रिव्हिएर, उंच डोंगरमाथ्यावरचा जुना दगडी किल्ला. १७ नोव्हेंबर १९१५ रोजी बटलरच्या तुकड्यांनी तो वेढला. आत शिरायला तटाच्या बुडाशी एक अरुंद भुयारासारखी मोरी होती आणि तिच्यातून आतले लोक गोळ्या झाडीत होते. पुढे कोणी व्हायचे? सार्जंट रॉस आयम्स पहिला घुसला, त्याच्यामागून शिपाई सॅम्युएल ग्रॉस, आणि तिसरा बटलर. वीसएक मिनिटांत किल्ला पडला. तिघांनाही ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले. दोन वेगवेगळ्या पराक्रमांसाठी दोनदा हे पदक मिळवणारे मरीन इतिहासात दोनच, एक डॅन डेली आणि दुसरा बटलर.

गडकोटांच्या गोष्टींवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही कथा वाचताना स्फुरण चढते. पण हिशेबाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. किल्ल्यात सुमारे पन्नास काको मारले गेले. त्यांच्यातल्या अनेकांजवळ धड बंदूक नव्हती, ते दगड भिरकावीत होते. अमेरिकनांकडे जखमी झाला तो एक, त्याचेही दगड लागून दात पडले. आणि तो डोंगर, तो किल्ला, तो देश त्या काकोंचा होता. आपल्या कथांत तटावरचा मावळा आपला असतो. इथे मोरीतून आत शिरणारा परका होता.

घरी लिहिलेले पत्र

हैतीत बटलरने स्थानिक शिपायांचे नवे पोलीसदल उभारले आणि त्याचा पहिला प्रमुख झाला. त्याने रस्ते बांधले. पण १८६४ सालचा एक जुना कायदा उकरून काढून लोकांना वेठीला धरून बांधले. १९१७ साली तिथल्या संसदेने अमेरिकेला हवी असलेली राज्यघटना मंजूर करण्याचे नाकारले. परदेशी माणसाला हैतीत जमीन विकत घेता येऊ नये, हा तिथला स्वातंत्र्यापासूनचा दंडक, आणि नव्या घटनेला तोच मोडायचा होता. बटलर शिपाई घेऊन सभागृहात गेला आणि त्याने संसद बरखास्त करवली. त्याआधी १९१४ च्या डिसेंबरमध्ये मरीनांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतले पाच लाख डॉलरचे सोने जहाजावर चढवून न्यूयॉर्कच्या नॅशनल सिटी बँकेकडे पोहोचते केले होते. अमेरिकन फौज हैतीतून हलली ती १९३४ साली.

बटलरला हे कळत नव्हते काय? कळत होते, आणि फार आधीपासून कळत होते. १९१० साली निकाराग्वाच्या मोहिमेवरून त्याने आईवडिलांना पत्र लिहिले. त्याचा आशय असा की, ही सारी क्रांती आपल्याच काही देशबांधवांनी पैसे पुरवून घडवून आणली आहे. त्यांनी इथे बेभरवशाच्या धंद्यांत पैसा गुंतवला आहे, तो वसूल होण्यासाठी त्यांना मर्जीतले सरकार हवे आहे, आणि याचाच आपल्याला संताप येतो. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

पत्र पोस्टात टाकून गृहस्थ पुन्हा कामावर गेले. पुढची एकवीस वर्षे जात राहिले.

मी हे वाचले आणि पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. पूर्वी मी एका महाविद्यालयात नव्याने लागलो होतो, तेव्हा माझ्याहून ज्येष्ठ, सज्जन अशा एका सहकाऱ्यावर बैठकीत धडधडीत अन्याय झाला. त्या रात्री जेवताना मी बायकोजवळ तावातावाने बोललो. तिने वाढता वाढता एवढेच विचारले, “हे तिथे बोललात का?” मी आमटी भुरकली. कायम व्हायचे होते, घराचे हप्ते होते, मुलगी लहान होती. आपल्या मध्यमवर्गीय घरांतून रोज रात्री किती सत्ये बोलली जातात, आणि सकाळी डबा भरताना ती किती सफाईने मागे ठेवली जातात! बटलरलाही बायको होती, तीन मुले होती, बढतीची वाट होती. त्याला हसण्याचा अधिकार निदान मला नाही.

चिखल, दारू आणि छत्री

पहिल्या महायुद्धात त्याला आघाडीवर जायचे होते. पाठवले मात्र फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदराजवळच्या छावणीवर. लाखो अमेरिकन सैनिक या छावणीतून ये-जा करणार होते, आणि तिथे चिखल, पाऊस आणि इन्फ्लुएन्झाची साथ. खंदकांत अंथरायच्या लाकडी फळ्या बंदरावर पडून होत्या. त्या छावणीत आणायचे ठरले, तेव्हा पहिली फळी या ब्रिगेडियर जनरलने स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि चढ चढू लागला. मागून सारी छावणी फळ्या घेऊन निघाली. या कामाबद्दल भूदल आणि नौदल या दोघांनीही त्याला विशेष सेवापदके दिली. माझ्या मते त्याच्या सगळ्या पदकांत ही पदके सर्वांत निर्मळ.

१९२४ साली फिलाडेल्फिया शहराने त्याला फौजेतून मागून घेतले. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती. आपल्याकडे मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्यानंतर जे झाले ते ज्यांनी ऐकले आहे, त्यांना तिथल्या चोरट्या गुत्त्यांचे वर्णन करून सांगायला नको. पोलिसांचा प्रमुख म्हणून बटलरने पहिल्या ४८ तासांत नऊशेहून अधिक गुत्ते बंद केले. गाव खूश झाले. पण हा गृहस्थ गरिबांच्या गुत्त्यांवर थांबेना. बड्या लोकांच्या मेजवान्या झडत त्या उंची हॉटेलांच्या दारावरही त्याने थाप मारली. १९२५ च्या अखेरीस त्याला नारळ मिळाला.

१९२७ साली तो पुन्हा तिएन्त्सिनला गेला. सत्तावीस वर्षांपूर्वी जिथे मांडीत गोळी लागली होती, तिथेच आता ब्रिगेडचा प्रमुख म्हणून. चीनमध्ये यादवी माजली होती. या वेळी त्याने एकही लढाई होऊ दिली नाही. चिनी सेनापतींशी तो सलोख्याने वागला आणि त्याच्या माणसांनी गावकऱ्यांना मोडका पूल बांधून दिला. गावकऱ्यांनी त्याला ‘दहा सहस्र आशीर्वादांची छत्री’ अर्पण केली. हा तिथला मोठा मान. छत्राचा अर्थ आपल्या भाषेला वेगळा सांगायला नको. पण १९२७ च्या नाताळच्या आदल्या दिवशी स्टँडर्ड ऑइल या अमेरिकन कंपनीच्या तेलाच्या कोठारांना मोठी आग लागली, ती विझवायलाही मरीनच धावले. वहीत दोन्ही नोंदी शेजारी शेजारी आहेत.

वही उघडली

१९२९ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तो मेजर जनरल झाला. पुढच्या वर्षी मरीन कोअरचा सरसेनापती वारला. ज्येष्ठतेने जागा बटलरची होती, पण ती दुसऱ्यालाच मिळाली. फटकळ माणूस वरच्या खुर्चीवर कोणाला हवा असतो? जानेवारी १९३१ मध्ये एका व्याख्यानात त्याने ऐकीव गोष्ट सांगितली की, मुसोलिनीच्या भरधाव मोटारीखाली एक मूल चिरडले आणि मोटार न थांबता पुढे गेली. इटलीच्या वकिलातीने निषेध नोंदवला, अमेरिकन सरकारने माफी मागितली आणि बटलरला अटकेत ठेवून त्याच्यावर लष्करी खटला भरण्याचा हुकूम निघाला. लोक बटलरच्या बाजूने इतके उसळले की खटला गुंडाळावा लागला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला तो निवृत्त झाला.

मग गिरमिट फिरू लागले. १९३२ साली हजारो बेकार माजी सैनिक कबूल केलेला बोनस मागायला वॉशिंग्टनला येऊन झोपड्या घालून राहिले होते. बटलर मुलाला घेऊन त्यांच्यात गेला, त्यांच्याबरोबर जेवला, रात्री तिथेच राहिला. नऊ दिवसांनी जनरल मॅकार्थरने घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर वापरून ती वस्ती उठवली. १९३४ साली बटलरने प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे साक्ष दिली. रोखे विकणाऱ्या एका दलालाने आपल्याकडे येऊन, पाच लाख माजी सैनिकांचे नेतृत्व करा आणि अध्यक्ष रूझवेल्टांना बाजूला सारा, असे सुचवले. त्याच्यामागे मोठे धनिक आहेत, असे त्याने सांगितले. वर्तमानपत्रांनी टिंगल केली. समितीने मात्र आपल्या अहवालात त्याच्या साक्षीतल्या मुख्य गोष्टींना दुजोरा दिला. खटला कोणावरच झाला नाही.

१९३५ साली ‘वॉर इज अ रॅकेट’ हे त्याचे छोटेखानी पुस्तक निघाले. युद्ध हा मूठभरांच्या फायद्याचा आणि सर्वांच्या प्राणांवर चालणारा लबाडीचा धंदा आहे, हा त्याचा सारांश. व्याख्यानांतून आणि लेखांतून त्याने स्वतःलाही सोडले नाही. मेक्सिकोत तेलवाल्यांसाठी, हैतीत आणि क्यूबात बँकेसाठी, निकाराग्वात सावकारी पेढीसाठी आपण दंडेली केली, याची यादीच त्याने दिली. उपाय सुचवला तोही अस्सल शिपाईगडी थाटाचा. युद्ध जाहीर झाले की तरुणांना पकडण्याआधी कारखानदार, बँकवाले आणि पुढारी या सर्वांचा पगार शिपायाएवढा, महिना तीस डॉलर, करा. युद्ध करायचे की नाही, याचे मत फक्त ज्यांना लढावे लागणार त्यांनीच द्यावे. आणि आपली लढाऊ जहाजे आपल्या किनाऱ्यापासून दोनशे मैलांपलीकडे जाऊ नयेत.

त्याचे सगळेच बोलणे पटेल असे नाही. २१ जून १९४० रोजी फिलाडेल्फियाच्या नौदल रुग्णालयात बटलर वारला. दुसऱ्याच दिवशी फ्रान्सने हिटलरपुढे शरणपत्रावर सही केली. प्रत्येक युद्ध हिशेबाच्या वहीतूनच निघते असे नाही, काही दारावर चालून येतात, आणि तेव्हा दोनशे मैल फार थोडे ठरतात. शिवाय ठाकूर गदाधरसिंहांनी दोन वर्षांत जे छापले, ते उघड बोलायला बटलरला दोन तपांहून अधिक काळ आणि निवृत्तिवेतन लागले. हैतीतल्या वेठीच्या रस्त्यांवर राबणाऱ्यांना त्याच्या पश्चात्तापाचा काही उपयोग झाला नाही. हे सारे खरे.

पण निवृत्त झाल्यावर तरी किती जण बोलतात? बहुतेक जण आठवणी लिहितात आणि त्यांत आपले काही चुकलेले नसते. छातीवर दोन सर्वोच्च पदके असलेल्या माणसाला गप्प राहून आयुष्यभर हार घेता आले असते. त्याने ती पदकेच साक्षीला काढली आणि खर्चाच्या बाजूला आपल्या हाताने आकडा मांडला.

जपानमधल्या ओकिनावा बेटावर अमेरिकन मरीनांचा मोठा तळ आहे. फौज आपल्या किनाऱ्याजवळ ठेवा म्हणून घसा कोरडा करणाऱ्या या माणसाचेच नाव त्या तळाला दिलेले आहे, कॅम्प स्मेडली बटलर! नाव देणाऱ्यांनी पदके मोजली असावीत; वही वाचलेली दिसत नाही.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मी खाली गेलो, तेव्हा किल्ल्यावर पणत्या लावणे चालले होते. हिरवा शिपाई अजून बुरुजाशी ताटकळत उभा होता. चिरंजीवांना मी एवढी सगळी कथा कुठून सांगणार? फोर्ट रिव्हिएरची मोरी मात्र सांगितली, आणि आतल्या लोकांजवळ दगडच होते, हेही सांगितले. तो विचारात पडला.

“मग याला आत ठेवू की बाहेर?”

“आत ठेव,” मी म्हणालो. “स्वतःच्या घराची राखण करायला. त्यालाही शेवटी तेच हवे होते.”

त्याने शिपाई उचलला आणि दरवाजाच्या आतल्या बाजूला, दोन मावळ्यांच्या मध्ये नीट उभा केला. वर आल्यावर बायकोने विचारले, इतका वेळ कुठे होतात? तिला सांगितले. मग त्या जुन्या बैठकीचा विषय निघाला, आणि ते सहकारी आता कुठे असतात याची चौकशी करायचे आम्ही दोघांनी ठरवले. पाडव्याला त्यांच्याकडे जायला हवे होते. पण भाऊबीजही काही वाईट दिवस नाही.